साणै, सहाण आणि क्योटोचा दगड

आज स्वयंपाकघरात गेलात की एक करून पाहा. पिकलेला टोमॅटो घ्या, रोजच्या वापरातली सुरी त्याच्या सालीवर नुसती टेकवा आणि जोर न देता ओढा. साल कापली गेली, तर छानच. टोमॅटो चेपला आणि रस हातावर आला, तर तुमच्याकडेही आमच्यासारखंच चाललं आहे.

बोथट सुरीने बोट कापत नाही, असं आपण उगाच मानतो. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती घसरते आणि घसरली की नेमकी डाव्या हाताच्या बोटावर येते. धारदार सुरी आपण सांगू तिथेच जाते.

मी तांबरमला राहायला आले तेव्हा सामानात आईची विळी होती. लाकडी पाट, वर वाकलेलं काळसर पातं, टोकाला खवणी. शेजारच्या मामींनी ती पाहिली आणि हसून म्हणाल्या, ‘ही तर आमची अरुवामनै!’ आणि आतून त्यांची घेऊन आल्या. दोघी बहिणी शोभल्या असत्या.

आमच्या गल्लीतून धार लावणारा जातो तेव्हा ‘कत्ती, साणै!’ अशी हाक देतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कान टवकारले, कारण दोन्ही शब्द घरचेच वाटले. कत्ती आपल्याकडेही आहे. आणि साणै म्हणजे आपली सहाण. दोन्हींचं मूळ संस्कृत ‘शाण’, म्हणजे धार लावायचा दगड. मराठीत सहाण देवघरात गेली आणि चंदन उगाळू लागली. तमिळमध्ये ती सायकलवर बसून गल्लोगल्ली फिरत राहिली.

त्या सायकलवाल्या अण्णांची वाट न पाहता मी एकदा घाई केली. दिवाळी तोंडावर, नारळ फोडून पडलेले. विळी उचलली आणि विजेवर चालणाऱ्या चाकाच्या एका दुकानात नेली. ठिणग्यांचा फवारा उडाला, दोन मिनिटांत काम झालं. घरी येऊन पाहते तर धारेच्या कडेने निळसर पट्टा. चार दिवसांत विळी पुन्हा बोथट!

पुढच्या फेरीला अण्णांनी विळी हातात घेतली, तो पट्टा अंगठ्याने दाखवला आणि मान हलवली. आपल्याकडचा लोहार म्हणाला असता, पाणी उतरलं. पोलाद तापवून एकदम बुडवलं की ते कडक होतं, यालाच पाणी देणं म्हणतात. मग ते जरा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. पण कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ कड पुन्हा तापली, तीनशे अंशांच्या आसपास गेली की ती निळी पडते आणि तिचा कडकपणा जातो. अण्णांनी पायाने चाक हळूहळू फिरवत, मधूनमधून पाणी मारत तो निळा भाग पूर्ण घासून काढला. विळी वाचली, पण पातं चांगलं नखभर अरुंद झालं. आईने वीस-पंचवीस वर्षांत झिजवलं नसेल तेवढं मी एका दिवाळीत झिजवलं.

जाताना अण्णा म्हणाले, ‘अम्मा, घरात एक दगड ठेवा.’

मग मी दगडांच्या मागे लागले, आणि त्या नादात किती लांब जाऊन आले ते तुम्हाला सांगते.

सुरुवात कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून. तिथे मिळणारा करडा-काळा, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड तुम्हीही पाहिला असेल. दुकानदार त्याला कार्बोरंडम म्हणतो. हे नाव अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९० च्या दशकात दिलं. भट्टीत तयार केलेला हा पदार्थ कार्बन आणि कोरंडम यांचा मिळून बनला असावा, असं त्यांना वाटलं होतं. कोरंडम त्यात नव्हतंच, पण नाव चिकटलं. आणि हा ‘कोरंडम’ शब्द कुठला? आपला कुरुंद. तमिळमध्ये कुरुंदम, संस्कृतात कुरुविंद. सेलमच्या परिसरात हा खनिज दगड पूर्वीपासून निघतो. हिऱ्याखालोखाल कठीण असलेल्या कुरुंदाची पूड लाखेत कालवून सहाणेची चाकं बनवायची आणि त्यांवर रत्नं आणि हत्यारं घासायची, ही आपल्या देशातली जुनी पद्धत. माणिक आणि नीलम हेसुद्धा कुरुंदच, फक्त रंगीत आणि पारदर्शक. आज जगभर धारेसाठी वापरले जाणारे बरेचसे कृत्रिम दगड, अगदी जपानी कंपन्यांचेसुद्धा, याच खनिजाच्या कारखान्यात बनवलेल्या रूपातून तयार होतात. सेलम तांबरमपासून गाडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखं, आणि मी मात्र जपानकडे पाहत बसले होते.

आमच्या गावाचा दगडांशी असलेला संबंध याहूनही जुना आहे. पल्लावरम आता तांबरम महानगरपालिकेतच येतं. तिथे ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला क्वार्ट्झाइटची एक हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. तेव्हा दगड हीच धार होती. धातू आला आणि दगडाचं काम बदललं, आता तो धार देऊ लागला.

पण प्रत्येक दगडाला ते जमत नाही. पल्लावरमच्या टेकडीचा दगड, चार्नोकाइट, इतका भरड की त्याचे कण डोळ्यांना दिसतात. बारीक धारेला तो चालणार नाही. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट बारीक कणांचा, पण त्यात पोलाद कापणारं मोकळं क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. पाट्याच्या कडेवर सुरी घासणारी आजी तुम्हाला आठवत असेल. तिने चार फटके मारले की सुरी तेवढ्यापुरती चालायची, कारण दगड पोलादापेक्षा फारसा कठीण नव्हता.

क्योटोच्या डोंगरात नेमकं काय आहे?

जपानमध्ये धारेच्या नैसर्गिक दगडाला तेन्नेन तोइशी म्हणतात. तिथे असे दगड अनेक ठिकाणी निघत, पण शेवटच्या, सर्वांत बारीक धारेसाठी नाव घेतलं जातं ते क्योटोच्या वायव्येकडच्या डोंगरांचं. नारुताकी, नाकायामा, ओहिरा ही तिथल्या खाणींची नावं जमवणाऱ्यांना तोंडपाठ असतात.

हे दगड इथेच का? याचं उत्तर वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. फार पूर्वी महासागराच्या तळाशी रेडिओलॅरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे गारेचे सांगाडे साचत होते आणि त्यांचा कठीण चर्ट बनत होता. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत मोठा जीवसंहार झाला. सांगाड्यांचा तो पाऊस जवळजवळ थांबला. नंतर बराच काळ तळावर बसत राहिली ती मुख्यतः वाऱ्याने वाहून आणलेली अतिसूक्ष्म धूळ आणि चिकणमाती. तोच थर दबून, सरकत सरकत जपानच्या भूमीला येऊन चिकटला. भूगर्भशास्त्रात त्या थराला आजही तोइशीच्याच नावाने, ‘तोइशी प्रकारचा शेल’ म्हणून ओळखतात. म्हणजे त्या दगडावर सुरी घासताना आपण पृथ्वीच्या इतिहासातल्या एका अतिशय ओसाड काळावर हात फिरवत असतो. मऊ मातीत बसलेले गारेचे बारीक, एकसारखे कण, हेच त्याच्या धारेचं गुपित.

थर पातळ, खाणकाम कष्टाचं. पुढे कृत्रिम दगड आले, न्हाव्यांनी वस्तऱ्याऐवजी फेकायची पाती घेतली, सुतारांच्या हाती यंत्रं आली. बहुतेक खाणी बंद पडल्या. आज बाजारात येतो तो मुख्यतः जुना साठा. तरी काही कारागिरांचं याच्याशिवाय चालत नाही. जपानी तलवारीला अखेरची झळाळी देणारे कारागीर उचिगुमोरी नावाच्या दगडाचे कागदासारखे पातळ काप करतात, त्यांना मागून हातकागद चिकटवतात आणि अंगठ्याखाली धरून पात्यावर तासन्‌तास फिरवतात.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानच्या एहिमे भागात तोबे नावाचं गाव आहे. तिथे धारेचे दगड निघत आणि त्यांचा चुरा वाया जाई. त्या चुऱ्यापासून १७७७ साली पांढरी चिनी माती भाजण्यात यश आलं आणि तोबेची भांडी प्रसिद्ध झाली. आपण कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासतो ना? तोबेच्या कपावर घासली, तर तो दगड पुन्हा आपल्या मूळ कामाला लागला म्हणायचं!

घ्यायचा असेल तर

आमच्या इमारतीतले एक इंजिनिअर कामानिमित्त जपानला जाऊन आले, त्यांच्याकरवी मी एक दगड आणवला. काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा, वेडावाकडा, पिवळसर तुकडा. अशा तुकड्यांना कोप्पा म्हणतात. मोठी, निर्दोष, नावाजलेल्या खाणीची लादी लाखाच्या घरात जाऊ शकते, कोप्पा त्यामानाने खूपच स्वस्त. विळीच्या वाकड्या पात्यासाठी तर छोटाच दगड बरा, कारण इथे पातं हलत नाही, दगड हलतो.

दगडावर खाणीचा शिक्का आहे म्हणून भुलू नका, शिक्के खोटेही मारता येतात. दगड ओला करा आणि त्यावर नख फिरवा. रेघ दिसते पण नखाला लागत नाही, तर बहुधा निर्धोक. नख अडखळलं, तर तीच रेघ तुमच्या पात्यावर ओरखडे काढणार. नावं मात्र ऐकायला सुंदर असतात. लालसर ठिपक्यांचा तो रेंगे, म्हणजे कमळ. काळ्या डागांचा तो कारासु, म्हणजे कावळा. रंगांच्या मोहात पडून दहा दगड कपाटात भरणारे लोक आहेत. मला त्यांचं जरा वाईट वाटतं. संपत चाललेली वस्तू आहे हे खरं, पण ती झिजण्यासाठीच डोंगरातून काढली होती.

आणि एक स्पष्ट सांगते. तुमच्याकडे बाजारात दीडशे रुपयांना मिळणारी स्टेनलेस सुरी असेल, तर हा दगड घेऊ नका. तिचं पोलाद मऊ असतं, इतकी बारीक धार तिच्यावर टिकत नाही. हार्डवेअरवाल्याचा दगड तिला पुरे. नैसर्गिक दगड शोभतो तो गंजणाऱ्या, कडक पोलादाला, म्हणजे विळी, जुनी कत्ती, लोहाराकडची सुरी यांना.

क्रमही चुकवू नका. बोथट पातं थेट बारीक दगडावर घासलं, तर तासभर घासूनही काही होणार नाही. आधी कार्बोरंडमच्या जाड बाजूवर, मग बारीक बाजूवर. जमलं तर हजार नंबरचा एक कृत्रिम दगड मध्ये घ्या. नैसर्गिक दगड सर्वांत शेवटी.

सुरी किती तिरपी धरायची? चौकोनी कागदाचा कोपरा अर्ध्यात दुमडा, पुन्हा अर्ध्यात दुमडा. जो कोन उरला त्यापेक्षा किंचित कमी. तो धरून एका बाजूने घासत राहा, पात्याच्या दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराला बारीक कड उमटलेली जाणवेपर्यंत. बोट नेहमी पाठीकडून धारेकडे, आडवं न्यायचं, धारेवरून लांबीने कधीच नाही. कड लागली की बाजू बदला. मुलं पाहत असतील तर पाहू द्या, पण लांबून.

शेवटच्या दगडाचं काम मात्र मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. दगडावर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि नागुरा नावाचा छोटा दगड त्यावर गोल गोल उगाळायचा. चंदनाचं खोड उगाळतो तसंच. दाटसर गंध तयार होतं, धार त्या गंधावर लागते. बाळगुटीसाठी वेखंड आणि जायफळ उगाळलेला हात असेल, तर पाणी किती घ्यायचं हे त्याला आपोआप कळतं. घासता घासता गंध काळं पडतं, ते पोलाद. ते धुऊन टाकू नका, कण आणखी बारीक होत जातात तसतशी धार मऊ आणि स्वच्छ होते.

हा दगड पाण्यात भिजत ठेवायचा नाही, थर सुटू शकतात. जमवणारे त्याच्या कडांना म्हणूनच लाख किंवा रोगण लावतात. जपानमध्ये यासाठी वापरलं जाणारं एक रोगण ‘काश्यू’ नावाने ओळखलं जातं, ते काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनतं. कोकणातल्या वाचकांनी याची नोंद घ्यावी! वापरून झाला की दगड सावलीत सुकवा, चेन्नईच्या उन्हात गच्चीवर अजिबात नाही. मधे खळगा पडला, तर काचेवर ओला सँडपेपर ठेवून दगड सपाट करून घ्या. आणि पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा. इथल्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो, हे मी अनुभवाने सांगते.

सायकलवाले अण्णा अजून येतात. मामींची अरुवामनै, खालच्या मजल्यावरच्या कात्र्या, कोयते त्यांच्याकडेच जातात, आणि वर्षातून एकदा माझी विळीही, कारण धारेचा मूळ आकार राखणं मला अजून जमत नाही. मागच्या फेरीला मी त्यांना तो पिवळा दगड दाखवला. त्यांनी तो ओला केला, वास घेतला, अंगठा फिरवला आणि आपल्या पेटीतून तळहाताएवढा, मधे खोलगट झालेला एक करडा दगड काढला. वडिलांचा, म्हणाले. मग मामींची अरुवामनै पायात धरून त्यांनी शेवटचे आठ-दहा हात त्याच दगडाने मारले, आणि चाक तेवढा वेळ बंद होतं.