खीर निम्मी, गोडी पुरी

वैशाख पौर्णिमेला सुजातेच्या खीरदानाची आठवण म्हणून आपण खीर करतो. पुस्तकात माप असते 2 लिटर दूध, अर्धी वाटी तांदूळ, दीड वाटी साखर. घरात माणसे चारच! उरलेली खीर उन्हाळ्यात सकाळपर्यंत नासते. म्हणून माप निम्मे करा : दूध 1 लिटर, तांदूळ पाव वाटी, साखर पाऊण वाटी. दीडाचे निम्मे पाऊण. घाईत एक वाटी पडते आणि खीर गोडमिट्ट होते. पातेलेही लहान घ्या, रुंद भांड्यात थोडे दूध लवकर आटते, करपते. वेळ मात्र निम्मा धरू नका. तांदूळ शिजायला तेवढाच वेळ लागतो. वाचलेले लिटरभर दूध विहारातल्या खीरदानाला द्या. घरची नासाडी टळेल, दानही घडेल.