जोखमीचा हिशेब

एखाद्या मराठी घरी वडीलधाऱ्यांस हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली, की पहिला सवाल निघतो तो जोखमीचा. आणि त्याचे उत्तर, जे पूर्वी शल्यविशारदाच्या अनुभवावरच सर्वस्वी अवलंबून असे, ते आता वय, मूत्रपिंडांची कार्यक्षमता, हृदयाची आकुंचनशक्ती, इन्सुलिनवरचा मधुमेह यांचा हिशेब मांडून शेकडेवारीत दिले जाते. १९९९ साली प्रसिद्ध झालेली व २०१२ साली सुधारलेली ‘युरोस्कोर’ ही त्यातली प्रमुख पद्धती. तिचे दफ्तर मुख्यतः युरोपीय रुग्णांचे. म्हणून संधिवातज्वराने झडपा बिघडलेल्या आपल्याकडील तरुणास तो आकडा जसाच्या तसा लावणे मला धाडसाचेच वाटते. शिवाय हा आकडा समजा शेकडा तीन निघाला, तरी ते प्रमाण समूहाचे, व्यक्तीचे नव्हे. त्याचा खरा उपयोग तजविजीत आहे: तंबाखू आधीच सोडविणे, रक्तक्षय भरून काढणे, साखर आटोक्यात आणणे, आणि पायाच्या रोहिणीची शस्त्रक्रिया असली तरी हृदयाची चौकशी करणे, कारण एक रोहिणी कठीण झालेल्या रुग्णात हृदयाच्या रोहिण्याही बहुधा निर्दोष नसतात.