सापळ्यात फक्त नर

नगर-सोलापूर रस्त्यावर मिरजगावच्या शिवारात पेरूची बाग आहे. पावसाळी बहर पिकायला आला की इथे फळमाशीचा जोर वाढतो. डहाळीला टांगलेला प्लास्टिकचा सापळा उघडून बागाईतदार आतल्या मेलेल्या माश्या कागदावर ओततो. मी भिंगातून एकेक पाहिली. मादीच्या पोटाला अंडी घालायची अणकुचीदार नळी असते, इथे ती एकीलाही नव्हती. झाडून सगळे नर!

सापळ्यातल्या आमिषात (ल्युरमध्ये) मिथाईल युजेनॉल असतं, म्हणजे मादीचा नव्हे, वनस्पतींचा गंध. आपल्या अंगणातल्या तुळशीतही तो असतो. १९१२ साली बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर झेपावतात हे नोंदवलं आणि पुढे १९१५पर्यंत त्यातला नेमका घटक हाच, हेही शोधलं.

नर हा पदार्थ नुसता हुंगत नाही, अधाशासारखा चाटतो. ओरिएंटल फळमाशीच्या नराच्या शरीरात त्याचं रूपांतर होतं, ते गुदाजवळच्या ग्रंथीत साठतं आणि तिन्हीसांजेला पंख फडफडवत तो ते हवेत सोडतो. त्या गंधाकडे माद्या ओढल्या जातात. चाटलेला नर न चाटलेल्यावर मात करतो, आणि हा फायदा कित्येक दिवस टिकतो.

बागाईतदाराच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. एखाद्या वनस्पतीवर एकदा पोटभर चाटलेला नर पुन्हा ल्युरकडे तितकासा येत नाही. म्हणून फळावर माशीचा डंख दिसल्यावर सापळा लावणं म्हणजे उशीर. फळ लिंबाएवढं असतानाच तो टांगला पाहिजे. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा थोडेफार नर मेल्याने काही साधत नाही. साठच्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर याच पदार्थात आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून ही माशी समूळ संपवली. पण तिथे चारी बाजूंनी समुद्र होता. इथे शेजारच्या बागेतली माशी बांध कुठे मानते?

त्यामुळे सगळ्या शिवाराने एकाच वेळी सापळे लावावेत, असं मला कळकळीने वाटतं. आणि झाडाखाली पडलेली किडकी फळं रोज वेचून खोल खड्ड्यात पुरावीत. अळी फळातून निघून मातीत कोष करते, आणि त्यातून निघणाऱ्या माद्यांना सापळा अडवत नाही.