धाराशिवचे आकडे, कापरेकरांची वजाबाकी

धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. आकडा नेमका ८७ चा वर्ग आहे, पण त्याची खरी करामत वजाबाकीत दिसते. त्याचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची: ९७६५ – ५६७९ = ४०८६. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी ६१७४ हलत नाही.

ही गंमत दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधली. डहाणूत १९०५ साली जन्मलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले.

सगळे अंक सारखे नसतील, तर चार अंकी कुठलीही संख्या फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येते. धाराशिवच्या क्षेत्रफळाला पुरत्या सात लागल्या.

असे का होते? पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला. पहिल्याला ९९९ ने, दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर हाती येते. त्यामुळे ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या ९,९९० संख्या पहिल्याच फेरीत अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. ती ५४ उत्तरे एका दुपारीही तपासता येतात.

अंक वाढले की नियम बदलतो. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले, शहराचा पिनकोड मात्र ४१३५०१ च राहिला. तो या वजाबाकीत घातला, तर पाचव्या फेरीत ४२०८७६ येते. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६! सहा अंकी संख्यांना एकच मुक्काम नाही. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, बाकीच्या या सात संख्यांच्या चक्रात फिरतात.

२०११ च्या जनगणनेतली जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६. सात अंकी संख्यांना तर स्थिर मुक्कामच नाही. आठ संख्यांचे एकच चक्र असते, आणि ही लोकसंख्या दहाव्या वजाबाकीत ८४,२९,६५२ होऊन त्यात शिरते. वाटेत चूक झाली का, हे ओळखण्याची खूण सोपी: प्रत्येक उत्तराला ९ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे.

कापरेकरांनी आपल्या गावाचे नाव दुसऱ्याच एका कुळाला दिले. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही, ती देवळाली संख्या. २०, ३१, ४२ ही तिची उदाहरणे. धाराशिवच्या तिन्ही आकड्यांना मात्र जनक सापडतो: ७५५१ मध्ये १८ मिळवले की क्षेत्रफळ, ४१३४७६ मध्ये २५ मिळवले की पिनकोड, १६,५७,५४४ मध्ये ३२ मिळवले की लोकसंख्या.