जनपदाचा वायू आणि भिंतीवरील मापक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य, वय या बाबतींत भिन्न असलेल्या माणसांना एकाच वेळी एकच व्याधी कसा ग्रासतो, ही अग्निवेशाची शंका होती. भगवान पुनर्वसु आत्रेयांनी तिचे समाधान करताना वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना समान असणारे चार भाव सांगितले. असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांनी उपहत झालेला वायू त्यांनी अनारोग्यकर मानला. श्वासव्याधीच्या हेतूंतही रज आणि धूम यांचा उल्लेख आहेच.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. तमकश्वासाच्या रुग्णाला आपण सहजपणे सांगतो, "धूळ-धूर टाळा." परंतु कोणत्या वेळचा, कोणत्या दिशेचा धूर टाळावा, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही. समान भाव बिघडला असता एकट्या रुग्णाने पथ्य पाळून भागत नाही. त्यासाठी गावानेच तो भाव जाणून घ्यावा लागतो.

या दृष्टीने अमेरिकेतील एक उदाहरण मननीय आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत इम्पीरियल नावाचा शेतीप्रधान परगणा आहे. शेते जाळल्याचा धूर, सीमेपलीकडील शहराची वाहने आणि आटत चाललेल्या सॉल्टन सरोवराच्या उघड्या पडलेल्या तळाची धूळ असे तिहेरी दूषण तेथे आहे. बालकांतील दम्याचे प्रमाणही मोठे आहे. सरकारी मापनकेंद्रे मोजकीच होती. तेव्हा ‘कोमिते सिव्हिको देल व्हाये’ या स्थानिक संस्थेने संशोधकांच्या साहाय्याने 40 अल्पमोली मापके परगणाभर बसविली. ती कोठे असावीत हे ठरविण्यात रहिवाशांचा सहभाग होता. मापनाचे आकडे सर्वांना विनामूल्य पाहता येऊ लागले. हवेच्या स्थितीनुसार शाळांत रंगीत निशाणे लावून मुलांनी बाहेर खेळावे की नाही हे कळविण्याचा उपक्रमही तेथे चालला. पुढे 2017 साली त्या राज्याने वस्तीपातळीवरील हवामापनासाठी कायदाच केला.

या मापकाचे तत्त्व सोपे आहे. लहान पंखा हवा आत ओढतो, तिच्यावर लेसर किरण पडतो आणि कणांमुळे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचे प्रमाण अनुमानिले जाते. हे अनुमान आहे, प्रत्यक्ष वजन नव्हे, हे विसरू नये. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व आकडा वाढतो. म्हणून आपल्याकडील वर्षाऋतूत विशेष सावधगिरी हवी. वायुरूप दूषणे या साधनाला कळत नाहीत. सरकारी प्रमाणित यंत्राशेजारी काही काळ ठेवून पडताळा घेतल्यावरच त्याच्यावर विसंबावे; इम्पीरियलमध्येही तसेच केले गेले. 2.5 मायक्रोमीटर व त्याहून सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार प्रति घनमीटर 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ती 15 सुचविली आहे.

असे एक मापक आम्ही उसने आणून प्रथम चिकित्सालयाच्या ओसरीत लावले. आसपास पाचट पेटविले गेले की संध्याकाळी आकडा चढे, आणि हिवाळ्यात पहाटे, म्हणजे आम्ही रुग्णांना फिरावयास पाठवीत होतो नेमक्या त्याच वेळी, तो बराच वर असे. नंतर तेच मापक आम्ही आमच्या औषधनिर्माणशाळेत नेले. चूर्णाचे यंत्र सुरू होताच आकडा चढला. पुटे देण्याच्या दिवशी गोवऱ्यांच्या धुराने तो त्याहूनही वर गेला. जाड धूळ हे साधन नीट मोजत नाही, म्हणजे वस्तुस्थिती आकड्याहूनही वाईट असणार. त्या खोलीत काम करणारा आमचा जुना सेवक कित्येक वर्षे खोकत होता आणि आम्ही त्याला सितोपलादी देत राहिलो होतो. हेतू आमच्याच छताखाली होता. हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु न लिहिणे अधिक अनुचित ठरेल.

आता यंत्र बंदिस्त केले आहे, धूळ ओढून घेणारा पंखा बसविला आहे, भट्टीचे धुराडे उंच केले आहे आणि सेवकांना चांगले मुखावरण दिले आहे. त्या सेवकाकडे खोलीबाहेरचे काम सोपविले आहे.

वैद्य बंधु-भगिनींना आमची विनंती आहे की, आपापल्या तालुका शाखेने दोन-तीन मापके घेऊन शाळा, ग्रामपंचायत, महिला मंडळ यांना विनामूल्य वापरावयास द्यावीत. मापक स्वयंपाकघर व उदबत्तीपासून दूर, मोकळ्या पण पावसापासून सुरक्षित जागी लावावे. रुग्णपत्रिकेत श्वास-कासाच्या वेगाची तारीख व वेळ नोंदवावी आणि ती त्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहावी. एका आकड्यावरून निदान करू नये, कोणाला दोषी ठरवू नये आणि चालू औषध थांबवू नये. औषधनिर्मात्यांनी मात्र पहिले मापक स्वतःच्या चूर्णखोलीत लावावे. गावाला वायूविषयी उपदेश करण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला प्राप्त होईल.