जुन्या मोटारीची निगा

आपल्या भोकरदन तालुक्यांत, धावड्यासारख्या गांवींही, मोटार ही आतां केवळ सधन घरची हौस राहिलेली नाहीं. मका व मिरची बाजारांत नेणें, बियाणें आणणें, आणि वेळप्रसंगीं मध्यरात्रीं आजारी माणसास भोकरदन, बुलढाणा किंवा जालना येथें पोंचविणें, हीं सर्व कामें तिच्याकडे आलीं आहेत. परंतु बहुतेक शेतकऱ्यांच्या दारांत उभी असलेली गाडी नवी नसते. ती दुसऱ्याच्या हातून आलेली, दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली बोलेरो, जीप अगर लहान मारुती असते. अशी गाडी ऐन वेळीं दगा देते, ही तक्रार नेहमीं कानीं येते. म्हणून ती सांभाळावी कशी, आणि विकावी केव्हां, याचा विचार येथें करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटारीचें आयुष्य केवळ किलोमीटरच्या आंकड्यावरून ठरत नाहीं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचें उदाहरण पहावें. कुर्ला येथील कारखान्यांत १९६४ पासून तयार होऊं लागलेल्या फियाट गाडीचेंच पुढें पद्मिनी हें नांव झालें. मुंबईंत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठीं ठरलेली वीस वर्षांची मुदत भरल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती बंद झाली. म्हणजे तिला थांबविलें तें मुदतीनें. यंत्र साधें, सुटे भाग मिळण्याजोगे, आणि चालकाचें पोट गाडीवर अवलंबून असल्यामुळें दुरुस्ती वेळच्या वेळीं, हें या टिकाऊपणाचें कारण होय. एस. टी. महामंडळाच्या प्रत्येक आगारांत कार्यशाळा असते, त्याचा हेतूही हाच. गाडी मोडल्यावर धांवपळ करण्यापेक्षां ती मोडण्यापूर्वीं, ठरल्या दिवशीं, तपासावी.

आपल्या भागांत जुन्या यंत्राचे मुख्य शत्रु तीन: उष्णता, घाण झालेलें तेल व धूळ.

उष्णतेचा विचार आधीं करूं. वैशाखांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत भरलेली गाडी घेऊन घाट चढतांना रेडिएटरची खरी परीक्षा होते. पुष्कळ लोक रेडिएटरमध्यें विहिरीचें अथवा बोअरचें पाणी भरतात. आपलें पाणी जड आहे. घरांतील पाणी तापविण्याच्या भांड्यास आंतून जो पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो व पाण्याचा मार्ग अडवितो. यास्तव कूलंट व बॅटरींत घालतात तें शुद्ध पाणी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणांत मिसळून भरावें. कूलंटमुळें पाणी उशिरा उकळतें व आंतील धातूस गंज चढत नाहीं. दर आठवड्यास, यंत्र पूर्ण थंड असतां, पातळी पहावी. गरम यंत्राचें झांकण उघडूं नये, कारण आंतील पाणी दाबाखालीं असतें व उसळून तोंड-हात भाजतात. रबरी होज पाईप बोटांनीं दाबून पहावे. कडक झालेला, फुगलेला किंवा भेगाळलेला पाईप लगेच बदलावा.

वाटेंत उष्णतेचा कांटा वर गेला तर गाडी बाजूस घेऊन यंत्र बंद करावें व पुरता निवूं द्यावें. तापलेल्या यंत्रावर थंड पाणी ओतल्यास त्याचें हेड तडकण्याची भीति असते. "गांव जवळच आहे, तेवढें जाऊं," या विचारानें तापलेली गाडी पुढें रेटल्यास गास्किट जळतें, हेड वांकतें, आणि स्वस्तांतल्या पाईपपायीं यंत्र खोलण्याचा खर्च उभा राहतो. ऑइलवर दुधाळ फेंस दिसूं लागला, अगर रेडिएटरमधील पाणी गळती न दिसतां वारंवार कमी होऊं लागलें, तर पाणी आंत शिरत असल्याची शंका घेऊन मिस्त्रीकडे जावें.

दुसरी गोष्ट ऑइलची. जुनें यंत्र थोडें ऑइल खातें, त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. किती खातें हें मात्र आपणांस ठाऊक असलें पाहिजे. सपाट जागीं, यंत्र बंद करून कांहीं मिनिटांनीं, पट्टी पुसून पुन्हां बुडवावी व दोन खुणांमधील पातळी पहावी. डिझेल यंत्रांतील ऑइल लवकरच काळें पडतें. तेवढ्यावरून तें खराब झालें असें समजूं नये. तें गाडीच्या पुस्तकांतील किलोमीटर व महिने यांपैकीं जें आधीं भरेल त्याप्रमाणें बदलावें, आणि प्रत्येक वेळीं ऑइल फिल्टरही बदलावा. चालतांना ऑइलचा तांबडा दिवा लागला तर त्याच क्षणीं यंत्र बंद करावें. टर्बो असलेली गाडी लांबून धांवत आल्यावर एकदम बंद न करतां मिनिटभर मंद चालूं द्यावी. नाहींतर टर्बोमधील तापलेलें ऑइल जळून त्याचा कीट बसतो. धुराचा रंगही बोलका असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन अधिक. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आंत जात आहे किंवा डिझेल पुरतें जळत नाहीं.

तिसरा शत्रु धूळ. कापूस-मक्याच्या हंगामांत शेतरस्त्यांवर गाडी चालते, तेव्हां तिला शहरांतील गाडीपेक्षां किती तरी अधिक धूळ गिळावी लागते. म्हणून एअर फिल्टर पुस्तकांत दिलेल्या मुदतीपेक्षां आधीं पहावा, व फाटला असल्यास त्यावर एक दिवसही गाडी चालवूं नये. तीच बारीक माती सिलिंडर घांसून काढते. डिझेल गाडीच्या फिल्टरखालीं सांचलेलें पाणी वेळोवेळीं सोडावें. पेट्रोल गाडीवाल्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आतां पंपावरील पेट्रोलमध्यें शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल असतें, व तें ऊंसाबरोबर आपल्या मक्यापासूनही होतें. इथेनॉल ओलावा शोषून घेतें, आणि जुन्या गाड्यांतील कांहीं रबरी नळ्या त्यानें खराब होतात. पेट्रोलचा वास येऊं लागल्यास नळ्या तत्काळ तपासाव्या, व गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवूं नये.

यंत्र बंद पडलें तर गाडी उभी राहते. ब्रेक गेला तर माणूस जातो. ब्रेक ऑइलही हवेंतील ओलावा शोषतें, आणि लांब उतारावर तापून उकळल्यास पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें. टायर नक्षी पाहून घेऊं नये. त्याच्या कडेचा चार आंकडी शिक्का वाचावा. २३१९ असा शिक्का म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ज्या गाडींत टायमिंगचा रबरी पट्टा असतो, तिचा पट्टा मागील मालकानें कधीं बदलला हें कळत नसेल, तर बदललेला नाहीं असेंच धरून चालावें.

या सर्वांहून मोठा उपाय म्हणजे एक वही. आपल्या जमिनीचा सातबारा व फेरफार आपण जपून ठेवतों, कारण नोंद नसली कीं वाद उभा राहतो. मोटारीचेंही तसेंच आहे. तारीख, किलोमीटर, केलेलें काम, घातलेला भाग, झालेला खर्च व पुढील मुदत, असे सहा रकाने आंखावे. ऑइल कमी होण्याचें प्रमाण वाढत आहे काय, हें स्मरणानें सांगतां येत नाहीं, वही सांगते. विकतांनाही अशी वही दाखविल्यास घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

कागदपत्रेंही त्याच वहींत ठेवावीं. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांसाठीं वाढते. त्याचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीं साठ दिवसांच्या आंत करतां येतो. विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखाही लिहून ठेवाव्या, कारण अपघात घडल्यावर कागद शोधण्यांत अर्थ नसतो.

आतां विकावी केव्हां? क्लच, बॅटरी, टायर, इतकेंच काय, यंत्राच्या रिंगाही बदलतां येतात; यासाठीं गाडी टाकूं नये. परंतु चासी गंजून पोखरली असेल, अथवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर मोह सोडावा. मागील बारा महिन्यांचा खर्च वहींतून बेरजेस घ्यावा, नव्या गाडीच्या वर्षाच्या हप्त्यांशीं ताडून पहावा, आणि मग निर्णय करावा. पेरणीपूर्वीं आपण तिफण व अवजारें नीट करून घेतों. त्याच दिवसांत एक दिवस मोटारीसाठीं राखावा, म्हणजे मृगाच्या पावसांत रात्रीं-अपरात्रीं कोणास दवाखान्यांत नेण्याची वेळ आली तरी गाडी पहिल्या किल्लीस सुरू होईल.