डिजिटल स्वाक्षरी : किल्ली कोणाच्या हाती?

कागदावरील सहीची पारख अक्षराच्या वळणावरून होते. डिजिटल स्वाक्षरीची पारख गणिताने होते. दस्तऐवजापासून 'हॅश' हा छोटा संख्यात्मक ठसा काढला जातो व स्वाक्षरीकर्त्याच्या खासगी किल्लीने त्यावर प्रक्रिया होते. सार्वजनिक किल्लीने पडताळताना मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदललेला असला, तरी ठसे जुळत नाहीत. मात्र ती सार्वजनिक किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, हे गणित सांगू शकत नाही. ती ग्वाही प्रमाणन प्राधिकरण प्रमाणपत्राद्वारे देते. त्यास परवाना देणारा नियंत्रक माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये केंद्र सरकार नेमते.

विश्वासाची ही साखळी व्यवहारात तुटते ती शेवटच्या कडीपाशी. 'एमसीए-२१' प्रकल्पामुळे २००६ पासून कंपन्यांची विवरणपत्रे डिजिटल स्वाक्षरीने दाखल होऊ लागली; आणि संचालकाचे यूएसबी टोकन, संकेतशब्दासह, लेखापालाच्या खणात विसावू लागले! कलम ४२ अन्वये खासगी किल्ली ताब्यात राहील याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकानेच घ्यावयाची असते. तिची गुप्तता भंगल्यास, प्राधिकरणास तसे कळवीपर्यंत दायित्व त्याचेच राहते. आधारवर आधारित 'ई-साइन' सेवा २०१५ मध्ये आली. तीत टोकन लागत नाही, किल्ली एका स्वाक्षरीपुरतीच निर्माण होते. म्हणून हा धोका बराच घटतो. मृत्युपत्रास मात्र, पहिल्या अनुसूचीनुसार, हा अधिनियम आजही लागू नाही.